तळेघरची वाट आणि नवे नाणे

घोडेगाव मागे टाकून एस.टी. पश्चिमेकडे चालू लागली म्हणजे प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या गावाचे नाव या तालुक्यास मिळाले ते मूळचे आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावी नांदतात, नाव मात्र बुडालेल्या गावाचे चालते. जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. 1930 सालच्या डिसेंबरच्या बारा तारखेस मुंबईत परदेशी मालाच्या मोटारीपुढे ज्याने प्राण दिला तो हा गिरणी कामगार याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा. गेल्या वैशाखात मी या वाटेने तळेघरास गेलो तेव्हा पाणी पुष्कळ ओसरले होते व काठाची तांबडी माती उन्हात भेगाळली होती.

धरणानंतर रस्ता चढणीस लागतो. दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, मधून मधून करवंदीच्या जाळ्या आणि ज्यावर या मुलखाचा संसार बराचसा चालतो ते हिरड्याचे झाड. आमच्या घरात त्रिफळा चूर्णाचा डबा असतो. परंतु त्यातील एक तृतीयांश भाग कोणाच्या कष्टाने आला हे आपण क्वचितच विचारतो. येथील महादेव कोळी कुटुंबे पावसापूर्वी कोवळी फळे काढून वाळवितात. त्यास बाळहिरडा म्हणतात. हिरडा औषधास जातो, कातडी कमावण्यासही जातो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने या झाडांची मोठी हानी केली, आणि तिच्या भरपाईसाठी लोकांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

याच डोंगरांच्या कुशीत माळीण आहे. 2014 च्या जुलैच्या तीस तारखेस सकाळी डोंगर घसरला आणि दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गेली. ही बातमी जगास प्रथम कळली ती एका एस.टी. चालकामुळे, नेहमीच्या ठिकाणी त्यास गाव दिसेना. गाडी त्या बाजूचे डोंगर ओलांडीत असता माझ्या मनात एक क्षुल्लक वाटणारा विचार आला: त्या घरांबरोबर पेट्यांतील कागदही गेले असतील. उतारे, पावत्या, पुस्तके, लग्नपत्रिका. ज्या नोंदीची दुसरी प्रत तलाठ्याकडे अथवा बँकेत होती तीच उरली.

हा विचार येण्यास कारण होते. मी तळेघरास देवदर्शनाच्या वाटेवर म्हणून उतरत नव्हतो. माझा एक जुना विद्यार्थी तेथे किराणा दुकान चालवितो. त्याचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामास आहे. महिन्यापूर्वी विद्यार्थ्याचा फोन आला, "गुरुजी, पोराला दोन शब्द सांगा. बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले दोन लाख तो त्या बिटकॉइनात घालायचं म्हणतो. माझं काही ऐकत नाही." ज्यास बिटकॉइन म्हणजे काय हेच धड ठाऊक नाही त्याने काय सांगावे? परंतु गुरुजी म्हणवून घेतल्यावर अभ्यास करणे भाग असते. मी महिनाभर वाचन केले आणि मग निघालो.

तळेघर हे भीमाशंकराच्या वाटेवरील मोठे ठाणे. त्यापुढे लहान वाड्या लागतात व मग अरण्य. दुकानापुढे गोणपाटावर हिरडा वाळत पडला होता. त्याचा तुरट वास सबंध अंगणात भरला होता. मुलगा सुटीवर आलेला होता. कोरा चहा झाल्यावर मी त्यासच म्हटले, "बाळ, आधी तूच मला शिकव." त्याने शिकविले, आणि तेही बऱ्यापैकी. आमच्या वाचकभगिनींनाही समजेल अशा शब्दांत मी त्याचे सांगणे येथे देतो.

दुकानात रोजकीर्द असते. तीत कोणी कोणास किती दिले हे लिहिलेले असते, आणि ती वही एका मालकाजवळ राहते. मालक लबाड निघाला तर पान फाडील. आता समजा की ती वही हजारो लोकांजवळ एकाच वेळी आहे, प्रत्येक नव्या पानावर मागल्या पानाचा एक गणिती ठसा उमटविलेला आहे, आणि मागले एक अक्षर जरी बदलले तरी पुढचे सगळे ठसे चुकतात. मग पान फाडणे कोणा एकाच्या हाती राहत नाही. हीच ब्लॉकचेन. बिटकॉइनच्या वहीत सुमारे दर दहा मिनिटांनी एक पान वाढते. पान जोडण्यासाठी यंत्रांना अवघड गणिती कोडे सोडवावे लागते व सोडविणारास नवी नाणी मिळतात. एकंदर नाणी दोन कोटी दहा लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत असा नियम आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणी एकाने 2008 च्या ऑक्टोबरात ही कल्पना मांडली आणि 2009 च्या जानेवारीत वहीचे पहिले पान लिहिले गेले. तो मनुष्य कोण हे आजतागायत निश्चित झालेले नाही.

"म्हणजे शिलालेखच की," मी म्हणालो.

मुलगा हसला, परंतु मी ते थट्टेने म्हटले नव्हते. जुन्नरच्या आसमंतात वाढलेल्या माणसास हे अपरिचित वाटू नये. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा लेख आहे; बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख तर याहून स्पष्ट आहे. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने तीन हजार कार्षापणे गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेविली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. त्या व्याजातून भिक्षूंस वस्त्रे मिळावयाची. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. हा व्यवहार नगराच्या सभेत ऐकविला गेला, फलकावर नोंदविला गेला आणि शेवटी कातळात कोरला गेला. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हेच हवे होते: नोंद उघडी असावी, पुष्कळांनी पाहिलेली असावी आणि कोणास खोडता येऊ नये. नाणेघाटाच्या गुहेत राणी नागनिकेने यज्ञातील दक्षिणांचे आकडे कोरविले, तेही याच बुद्धीने असावे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत असत असे लोक सांगतात.

मग मुलाने मला दुसरा भाग सांगितला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे नाणे निघाले ते बँकांना व सरकारांना वगळण्याकरिता. परंतु गेल्या काही वर्षांत बँका व सरकारे यांनीच त्यास घरात घेण्यास आरंभ केला आहे. 2024 च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोखे बाजाराच्या नियामकाने बिटकॉइनवर आधारलेल्या फंडांस परवानगी दिली आणि ब्लॅकरॉकसारख्या जगङ्व्याळ संस्थेने असा फंड बाजारात आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका नाण्याची किंमत एक लाख डॉलरांवर गेली. 2025 च्या जुलैत तेथे आणखी एक कायदा झाला. डॉलराशी एकास एक बांधलेली नाणी जे काढतील त्यांनी तितकीच खरी मत्ता मागे ठेवावी, असे त्याने ठरविले.

आपल्याकडे वाट अधिक वाकडी होती. 2018 च्या एप्रिलात रिझर्व्ह बँकेने बँकांस या धंद्याशी संबंध ठेवण्यास मनाई केली. 2020 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. 2022 च्या अर्थसंकल्पाने अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर बसविला आणि विक्रीच्या वेळी एक टक्का कापून घेण्याचा नियम केला. एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. 2023 च्या मार्चपासून या बाजारांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणले. कर घेतला म्हणून ते चलन ठरत नाही, हे मात्र मी मुलास पुन्हा पुन्हा सांगितले. आपल्या देशात चलन रुपया हेच. त्याचेही आता अंकरूप निघाले आहे: 2022 च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग मुंबई, दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर या शहरांत सुरू केला, आणि मोबाईलचे जाळे नसेल तेथेही तो चालावा अशी योजना 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर केली. ज्या गावात फोन लावण्यासाठी माणसास टेकाड चढावे लागते तेथे या शेवटच्या गोष्टीचे मोल पुण्यापेक्षा अधिक आहे.

हे सर्व ऐकताना मला जोगळटेंभीची आठवण झाली. सिन्नर तालुक्यातील या गावी 1906 साली नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा सुमारे तेरा हजारांचा ठेवा सापडला. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूची नाणी वितळवीत बसण्यापेक्षा त्यांवर आपली मुद्रा उमटवून ती चालू ठेवणे त्यास सोयीचे वाटले. आज जे चालले आहे ते मला तसे दिसते. नहपानाचा मुखवटा खाली दिसतोच आहे. वर नवी मुद्रा बसत आहे.

नाणे बाजूस ठेवून नुसती वही घेणारेही आहेत, आणि तो उपयोग मला तरी अधिक पसंत पडला. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात 2022 साली सुमारे पासष्ट हजार जातीच्या दाखल्यांची नोंद अशा वहीत करण्यात आली, म्हणजे दाखला खरा की खोटा हे कोणासही पडताळता यावे. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवणाऱ्या शेतकऱ्यास वखार पावतीवर कर्ज मिळते. त्या पावत्याही ब्लॉकचेनवर आणल्या असून राज्य सहकारी बँक त्यांवर कर्ज देते. एकाच पावतीवर दोन बँकांकडून उचल करण्याची जुनी युक्ती येथे चालत नाही. माझा विद्यार्थी हे ऐकून अंगणातील हिरड्याकडे पाहत राहिला. "आमच्या गोणीवर असं कर्ज मिळालं तर पावसाच्या आत पडत्या भावाने विकायला नको," तो म्हणाला. सबंध दिवसात त्याने या विषयात आपण होऊन काढलेला तेवढाच उद्गार.

आता दोन लाखांची गोष्ट. मुलाची समजूत चांगली होती व युक्तिवादही चांगला होता. मी जवळजवळ निरुत्तर झालो होतो. कायद्याने चालणाऱ्या बाजारात थोडी रक्कम घालून नाणे घेणे हा जुगाराच्या जवळचा का होईना, पण डोळस व्यवहार आहे, असे मी मनाशी ठरवीतही होतो. तेवढ्यात सहज विचारले, "व्याज किती?"

"महिन्याला आठ टक्के, गुरुजी. चाकणला एक जण आहे, तो सगळं बघतो."

वाचकहो, येथे सर्व उलगडा झाला. नाण्यास व्याज नसते. भाव चढतो किंवा पडतो. जो ठरावीक व्याजाचे वचन देतो तो नाणे विकत नाही, नाण्याचे नाव विकतो. पुण्यास हे पूर्वी घडलेले आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असे वचन होते. सहस्रावधी लोकांनी पैसे भरले. 2018 साली पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीस अटक केली, 2022 च्या जानेवारीत तो वारला, आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. उषवदाताच्या विणकरांनी शंभरास एक दिला, कारण तो त्यांना मागावरून काढावयाचा होता. आठ कोठून निघणार?

मी हे बोलून दाखविले तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. रागही आला असावा. "पण गुरुजी, वही तर उघडी असते," तो म्हणाला. मी म्हटले, "तर मग तीच दाखवायला सांग. तुझे पैसे ज्या खात्यावर जाणार त्याचा पत्ता माग. जगातल्या कोणासही तो पाहता येतो असे तूच सांगितलेस. मग तुला पाहू देण्यास त्यास अडचण काय?" हा विचार त्यास पटला, कारण तो त्याच्याच शिकवणीतून निघालेला होता. घरात फोनास जाळे नव्हते. अंधार पडल्यावर आम्ही दोघे विजेरी घेऊन गावामागच्या टेकाडावर गेलो. तेथे त्याने माझ्यादेखत निरोप लिहिला व पाठविला. खाली दुकानाचा एकच दिवा दिसत होता. विद्यार्थी दाराशी उभा राहून आमची वाट पाहत होता, पण त्याने काही विचारले नाही, आणि जेवताना तो विषय कोणी काढला नाही. मुलाची बहीण वाढीत होती.

पहाटे मी उठलो तेव्हा मुलगा टेकाडावर जाऊन आलेला होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. निरोपाशेजारच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या, म्हणजे त्या गृहस्थाने तो रात्रीच वाचला होता. उत्तर आले नव्हते. मुलाने फोन खिशात घातला, बापास हाक मारली आणि दोघे मिळून हिरड्याच्या गोणी काट्यावर चढवू लागले. बाप वजन सांगत होता व मुलगा वहीत लिहीत होता. सातव्या गोणीस घोडेगावची एस.टी. आली.