खातेक्रमांकातली शून्यं

बारामतीत घरी बसून सॉफ्टवेअरची कामं करायला लागून मला नऊ वर्षं झाली. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक दूध संकलन केंद्रं आणि खत-औषधांची दुकानं. मागच्या पावसाळ्यात निमगाव केतकीच्या पुढच्या एका दूध संस्थेचं काम आलं. जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. त्यातली 412 उत्पादकांची माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये आणायची होती. "नावं मराठीत दिसू द्या, आणि दहा दिवसांचं बिल थांबू देऊ नका," सचिव अण्णांनी एवढंच सांगितलं.

नावांचीच मला जास्त धास्ती होती. ती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये होती. तसल्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाँट नसला की सगळी यादी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली. 'शिंदे' लिहिताना वेलांटी आधी, श नंतर. युनिकोडला श आधी लागतो. रफाराचं याच्या उलट. 'सर्जेराव'मध्ये जुना फाँट रफार 'जे'च्या नंतर ठेवतो, युनिकोडमध्ये तो ज-च्या आधी हवा. मी तो एकच घर मागे सरकवला, म्हणजे ज आणि मात्रा यांच्या मधे. गावातले सगळे सर्जेराव मोडले. मात्रा ओलांडून थेट व्यंजनापर्यंत जायला हवं, हे लक्षात यायला दोन रात्री गेल्या.

शेवटी अण्णांनी यादी मोठ्याने वाचली. अकरा नावं चुकलेली निघाली, ती हाताने दुरुस्त केली. मला फार समाधान वाटलं.

दहा तारखेच्या रात्री बिलाची फाइल काढली. बँकेला देण्याआधी एकदा बघावी म्हणून स्प्रेडशीटमध्ये उघडली. लांब खातेक्रमांक विचित्र दिसत होते, म्हणून तो कॉलम 'नंबर' केला आणि सेव्ह केलं. चूक तिथे झाली. आकडा म्हणून वाचला की सुरुवातीची शून्यं उडतात. पंधरापेक्षा जास्त अंक असले तर पुढचे शून्य होतात. मोडलेलं नाव वाचणाऱ्याला खटकतं, खातेक्रमांक चुकला तर कुणालाच दिसत नाही.

चौदा तारखेला संध्याकाळी अण्णांचा फोन आला. 23 जणांचे पैसे परत आले होते. मी लगेच म्हणालो, "बँकेत विचारा ना." फाइल मी पुन्हा उघडूनही पाहिली नव्हती. ते उत्तर मला अजून खुपतं.

सकाळी भवानीनगर, लासुर्णे करत पावसात गाडीवर गेलो. केंद्रावर एक आजी पासबुक घेऊन बसल्या होत्या. दोन गाई, आणि पेंडवाल्याला पैसे द्यायचे होते. "बाळा, दूध तर रोज घातलंय," एवढंच त्या बोलल्या. मी त्यांचं पासबुक आणि पडद्यावरचा आकडा शेजारी धरला. पहिली चार शून्यं गायब होती. त्यांना तसं सांगितलं आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. अण्णांनी संस्थेतून त्यांना उचल दिली. एकाचेही पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले नाहीत, हे नशीब.

पेन ड्राइव्हवर मूळ फाइलची प्रत होती म्हणून दुरुस्ती तासाभरात झाली. काम सुरू करायच्या आधी मी नेहमी ती काढून ठेवतो. आता खातेक्रमांक सुरुवातीपासून मजकूर म्हणूनच साठवतो, आणि अंकांची संख्या आधीच्या बिलाशी जुळली नाही तर प्रोग्रॅम फाइलच काढत नाही. आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर शून्य असतं, तिथे बरेच जण इंग्रजी 'ओ' टाकतात. तेही तपासून घेतो. बँकेची फाइल बघायची झाली तर साध्या नोटपॅडमध्ये उघडतो.

पुढच्या बिलाला मी केंद्रावरच जाऊन बसलो. अण्णा रजिस्टरमधून एकेक खातेक्रमांक वाचत गेले, मी पडद्यावर बोट ठेवून 'बरोबर' म्हणत गेलो. 412 संपेपर्यंत संध्याकाळच्या संकलनाचे कॅन दारात येऊन लागले होते.