होकारानंतर

अ‍ॅलिस्टरनं गुलाबाचं फूल पुढे केलं, तेव्हा मी कॉलेजात होते. बायोवेअरचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ हा गेम 2009 साली आला. त्यात दिवसभर लढायचं आणि रात्री छावणीत शेकोटीपाशी सोबत्यांशी बोलत बसायचं. अ‍ॅलिस्टर हा राजाचा अनौरस मुलगा, सतत थट्टेआड लपणारा. फूल त्यानं लोदरिंग गावातून खुडून आणलेलं. गाव उद्ध्वस्त होणार हे त्याला दिसत होतं आणि एवढी सुंदर गोष्ट मागे सोडून जाववत नव्हतं.

माझी नायिका एल्फ होती, जादूगार होती. शेवटाकडे अ‍ॅलिस्टर राजा होतो आणि मग तोच नातं तोडतो. राजाला वारस हवा, लोकांना चालेल अशी राणी हवी. मी खूप रडले. तरी आजही मला वाटतं, गेममधलं इतकं खरं प्रेम मी क्वचितच पाहिलं. त्याला त्याची स्वतःची अडचण होती. माझ्या मनासारखं करायला तो बांधील नव्हता.

पण त्याच गेममध्ये त्याची मर्जी उणे 100 ते अधिक 100 अशा आकड्यात मोजली जायची. लहानपणी त्यानं रागानं भिंतीवर आपटून फोडलेलं, कुणीतरी जोडून जपून ठेवलेलं आईचं लॉकेट त्याच्या हातात दिलं की आकडा वर जाई. वाटेत सापडलेली एखादी छोटी मूर्ती दिली, तरी वर जाई. त्या लॉकेटची त्या मूर्तीशी बरोबरी झालेली मला सहन होत नसे. पुढे कितीतरी गेम्सनी त्यातलं लॉकेट विसरून आकडा तेवढा उचलला.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत ‘स्कायरिम’ खेळले. त्यात मारा देवीचा ताईत गळ्यात घालायचा, मनात असलेल्या माणसाशी बोलायचं, की लग्न ठरतं. आएला ही शिकारीण, रात्री लांडग्याचं रूप घेऊन रानात धावणारी. तिच्याबरोबर कितीतरी लढाया लढल्यावर रिफ्टनच्या देवळात लग्न लागलं. आणि मग ती घरात राहायला आली, दुकान टाकलं, रोजच्या नफ्यातली 100 नाणी हातावर ठेवू लागली, मागितलं की जेवण वाढू लागली. इतर कुणाशी लग्न केलं असतं, तरी हेच घडलं असतं, बोलणंही जवळपास हेच. रानात धावणारी ती बाई कुठे गेली? रात्री ती बाहेर का पडत नाही? हे तिला विचारायची सोयच नाही.

यामागची कारणं मला कळतात. प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावं लागतं. खेळणारा कुठल्याही वंशाचा, कुठल्याही स्वभावाचा असू शकतो, म्हणून संवाद सगळ्यांना चालतील असे गुळगुळीत होतात. शिवाय एका सोबत्याची कहाणी बहुतेक खेळाडू बघणारच नसतात. पण खर्चाचा प्रश्न असता, तर प्रेम जमेपर्यंतचा भागही असाच ओसाड दिसला असता. तो सजवलेला असतो. लेखकांची हौस होकारापाशी संपते, याचंच मला वाईट वाटतं.

माझं लग्न झालं, तेव्हा हे अधिक बोचू लागलं. नवऱ्याची खरी ओळख मला सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी झाली, दवाखान्यात रात्री कुणी थांबायचं यावरून आम्ही कडाडून भांडलो तेव्हा. त्याच सुमारास ‘सायबरपंक 2077’ हाती आला. त्यात ज्युडी माझ्या नायिकेला, व्हीला, आपल्या लहानपणीच्या बुडालेल्या गावात, तळ्याच्या तळाशी घेऊन जाते. पाण्याखाली दोघींच्या संवेदना जोडलेल्या असतात, एकीच्या आठवणी दुसरीला जाणवतात. काय सुरेख लिहिलंय ते! आणि त्यानंतर काय, तर फोनवर अधूनमधून चार ओळी. माझी व्ही डोक्यातल्या चिपमुळे मरणाच्या वाटेवर आहे, आणि जिनं तिच्या संवेदना अनुभवल्या तिच्याशी त्याबद्दल मन मोकळं करायला जागा जवळपास नाही. डिसेंबर 2023 च्या अपडेटनं जोडीदाराला घरी बोलावायची सोय केली. शेजारी बसता येतं, नाचता येतं. मला बोलायचं होतं.

‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये जाहिरा भेटते. 2000 सालच्या दुसऱ्या भागात ती नायकाच्या प्रेमात पडू शकायची, पण आधी तिचा नवरा खालिद मारला जातो आणि ते दुःख तिच्या प्रत्येक बोलण्यात येत राहतं. कथेत आता शंभरावर वर्षं उलटली आहेत. तिच्याशी प्रेम जमवायचा पर्यायच नाही. पण शहरात तिचं घर आहे, दत्तक मुलं आहेत, आणि इतके दिवस न सांगता कुठे होतीस म्हणून थोरली लेक तिला फैलावर घेते. जाहिरा बचाव करते, चिडते, तरी तिथेच उभी राहते. माझ्या नायिकेशी कुणीतरी एकदा असं भांडावं, लग्नानंतर, घरात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते भांडण आठवत असावं.