साठ लिटरांचा समुद्र

न्यू जर्सीला मुलीच्या घरी आम्ही राहतो, तेथील दिवाणखान्यात साठ लिटरांचा एक समुद्र आहे. काचेच्या पेटीत दोन क्लाऊनफिश, काही गोगलगायी, छत्रीसारखी डोलणारी मृदू प्रवाळे, बटणांएवढी रंगीत झोआन्थिड आणि कोपऱ्यात कठीण प्रवाळाची बोटभर फांदी, एवढाच त्याचा पसारा. नातू शिकायला परगावी गेला आणि पेटीची देखभाल माझ्याकडे आली. माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. त्यातून चालणे सावरले, वाचा मात्र पुरती परतली नाही. त्यांची आरामखुर्ची या पेटीसमोर असते. पेटी गढूळली तर त्यांचा दिवस गढूळतो, म्हणून मी हा विषय छंदाच्या खात्यात टाकत नाही.

दर शनिवारी सहा लिटर पाणी काढायचे आणि तितकेच नवे, आरओच्या पाण्यात समुद्री मिठाचे मिश्रण विरघळवून घालायचे, हा नातवाने लावून दिलेला नेम. एकाहत्तराव्या वर्षी कंबर बादलीशी वाटाघाटी करू लागते. दुकानातील तरुणाने हे ओळखले असावे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, आयोडीन, स्ट्रॉन्शियम अशा बाटल्यांची रांग मांडून तो म्हणाला, ‘‘आजी, या घातल्यात की पाणी बदलायची कटकटच नको.’’ मोह पडावा असेच बोलणे होते. पण तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवलेले. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली.

पाणी बदलल्याने दोन कामे होतात. माशांच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून साचणारे नायट्रेट आणि फॉस्फेट काही अंशी बाहेर जातात, आणि खर्च झालेली खनिजे मिठाबरोबर परत येतात. बाटली फार तर दुसरे काम करील. ती पेटीतून काहीच बाहेर काढत नाही. तेव्हा बाटली हा पाणी बदलण्याला पर्याय नव्हे, एवढे तर लगेच उमगले. (बादलीचा प्रश्न तीन-तीन लिटरांच्या दोन जगांनी सुटला.)

खरा प्रश्न उलटा आहे: नुसते पाणी बदलणे पुरते का? याचे उत्तर पेटीत कोण राहते यावर ठरते. मृदू प्रवाळांना दगडी सांगाडा नसतो. त्यांचा खनिजांचा खर्च किरकोळ. कठीण प्रवाळ मात्र पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचे घर बांधत असते. त्यात कार्बोनेटचा साठा, ज्याला अल्कलिनिटी म्हणतात, आधी उघडा पडतो. तो एक अंशाने उतरतो तेव्हा कॅल्शियम लिटरमागे 420 मिलिग्रॅमवरून जेमतेम 413 वर येते. घरगुती चाचणीत एवढा फरक कळतही नाही. म्हणून कॅल्शियमच्या बाटलीकडे धावण्याआधी अल्कलिनिटी मोजावी.

आता हिशेब. दहा टक्के पाणी बदलले की साचलेल्या तुटीपैकी दहा टक्केच भरून निघते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आठवड्याला 0.1 अंश खर्च होत असेल तर तूट हळूहळू वाढून 1 अंशावर स्थिरावते. नव्या पाण्यात 8 अंश असतील तर पेटी 7 च्या आसपास राहील. समुद्राचे पाणीही साधारण 7 अंशांचेच असते, चिंता नाही. पण कठीण प्रवाळे वाढली, खर्च 0.5 अंशावर गेला, तर तूट 5 अंशांकडे चालू लागते. तेथे नुसत्या पाण्याने भागणार नाही. पूरक द्रव्य द्यावेच लागेल.

मोजणीचे काम यजमानांकडे आहे. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि द्रावणाचा एकेक थेंब टाकत जायचे. निळा रंग पिवळा झाला की थेंब तितके अंश. थेंब मी टाकते, मोजतात ते. वाचाघातात सुटे शब्द अडतात, पण अंकांची पाठ ओळ पुष्कळांच्या जिभेवर शाबूत राहते. नातवाचे नाव ज्यांना सहज उच्चारता येत नाही, ते ‘एक, दोन, तीन’ खणखणीत म्हणतात आणि रंग पालटला की थांबतात. प्रारंभी आठावर थांबत. उन्हाळ्याच्या अखेरीपासून सातावर थांबतात, आणि तेथेच टिकून आहेत. कागदावरचे गणित नळीत उतरलेले पाहून मला शिक्षकी आनंद झाला, तो लपवत नाही.

सहा आले तर काय करायचे तेही ठरवले आहे. साठ लिटरांत एक अंश वाढवण्यास सुमारे 1.8 ग्रॅम शुद्ध खाण्याचा सोडा लागतो. तो आरओच्या पाण्यात विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घालायचा. कॅल्शियमचे द्रावण द्यावे लागलेच तर ते त्याच वेळी, त्याच जागी ओतायचे नाही. दोन्ही एकमेकांना गाठून पांढरा गाळ होतात. आमच्या औषधांच्या डब्यातही थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचे अंतर आहे. तेथील कारण वेगळे, पण दोघांना एकत्र येऊ न देण्याची शिस्त मला परिचयाची वाटली. काही जण चुन्याची निवळी वापरतात. तीही उपयोगी, पण तिचा सामू बाराच्या वर असतो. डोळ्यांत उडाली तर इजा करते. थरथरत्या हातांच्या घरात मी ती ठेवणार नाही. आयोडीन आणि स्ट्रॉन्शियम ताज्या मिठातून येतच असतात. जे मोजत नाही ते घालायचे नाही, म्हणून त्या बाटल्या दुकानातच राहिल्या.

बाटल्यांपेक्षा मला धास्ती आहे ती त्या सुंदर झोआन्थिडांची. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते. हातमोजे व चष्म्याशिवाय त्यांना हात लावू नये, ती बसलेला दगड घासू वा उकळू नये. वाफेतूनही बाधा झालेली आहे. शुश्रूषा करणाऱ्यांनी हे आधी वाचावे. आणि महाराष्ट्रातील वाचकांसाठी: भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. मालवणच्या खडकांवरची पोवळी तेथेच राहू द्यावीत. घरी गोड्या पाण्याची पेटी ठेवावी.

नाताळच्या सुटीत कठीण प्रवाळाच्या आणखी दोन फांद्या आणू का, असे नातवाने विचारले आहे. नको म्हणून कळवले. आणायचेच असेल तर छत्रीसारखे मृदू प्रवाळ आण, त्याच्या आजोबांना ते डोललेले आवडते.