तुवालूची बोट आणि आपली एसटी

जगाच्या नकाशावर तुवालू नावाचा देश शोधून पाहा बरं! पटकन सापडणार नाही. ऑस्ट्रेलिया आणि हवाई बेटं यांच्या साधारण मध्यावर, पॅसिफिक महासागरात, पेन्सिलीचं टोक टेकवावं एवढे नऊ ठिपके आहेत. तोच हा देश. सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर आणि माणसं अकरा हजारांच्या आसपास. आपल्या दारव्हा किंवा दिग्रस गावात याहून जास्त लोक राहतात.

पण देश लहान म्हणून काय झालं? त्यालाही संसद आहे, पंतप्रधान आहे आणि निवडणूकही आहे. २६ जानेवारी २०२४ ला आपण शाळेत झेंडावंदन करत होतो, त्याच दिवशी तिकडे मतदान होतं. खासदार किती? सोळा. (आपल्या जिल्ह्याचे तालुकेही सोळाच!) तिथे राजकीय पक्षच नाहीत, जो तो आपापल्या नावावर उभा राहतो. गंमत पुढे झाली. निवडून आलेल्या खासदारांनी राजधानी फुनाफुटीला जमायचं आणि पंतप्रधान निवडायचा. पण समुद्र खवळलेला. दूरच्या बेटांवरचे खासदार बोटीने येणार कसे? देश थांबून राहिला. शेवटी २६ फेब्रुवारीला फेलेती तेओ पंतप्रधान म्हणून निवडले गेले.

ही बातमी वाचून मला हसू आलं होतं. दोनच महिन्यांनी मी स्वतः निवडणुकीच्या कामावर गेलो, तेव्हा मात्र त्या बोटीची वेगळ्याच कारणाने आठवण झाली.

आपल्या लोकसभेचं मतदान यवतमाळात २६ एप्रिल २०२४ ला झालं. वणीची पोरं म्हणतील, "सर, आमच्याकडे तर १९ लाच झालं!" बरोबर आहे. आपला जिल्हा लोकसभेसाठी तीन मतदारसंघांत वाटला गेला आहे. वणी आणि आर्णी हे विधानसभेचे भाग चंद्रपूरला जोडलेले, उमरखेड हिंगोलीला, आणि बाकीचा यवतमाळ-वाशीममध्ये. या एकट्या यवतमाळ-वाशीममध्ये १९ लाखांहून अधिक मतदार आणि खासदार एक! तुवालूचा एक खासदार साधारण सातशे माणसांमागे. त्याला त्याच्या बेटावरची सगळी माणसं नावानिशी ठाऊक असणार.

माझी नेमणूक दारव्हा तालुक्यातल्या एका गावी होती. आदल्या दिवशी यंत्रं, शाई, याद्या, लाख, पाकिटं असं सगळं मोजून घेतलं आणि एसटीने गावातल्या शाळेत मुक्कामाला गेलो. (निवडणुकीच्या दिवशी शाळेला सुट्टी का असते, ते कळलं ना? आम्ही तुमच्या वर्गात झोपलेले असतो!) पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. म्हणजे पोलिंग एजंटांसमोर निदान पन्नास खोटी मतं टाकायची, मोजून दाखवायची आणि यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं. मग सात वाजता खरं मतदान सुरू.

मी होतो मतदान अधिकारी क्रमांक एक. माझं काम म्हणजे आलेल्याचं ओळखपत्र पाहायचं, यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं आणि त्या नावावर रेघ मारायची. मोठ्याने का? कारण समोर बसलेले एजंट गावचे असतात. कुणी दुसऱ्याच्या नावावर आलं, तर ते लगेच हरकत घेतात. पुढे क्रमांक दोनकडे सही आणि बोटाला शाई. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, १९६२ पासून. मग बटण, आणि काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी.

दुपारी ऊन चढलं, रांग संपली. यादी चाळताना एक गोष्ट लक्षात आली. काही पानांवर रेघाच रेघा होत्या, तर काही पानं जवळजवळ कोरी. एका घराची सलग सात नावं, रेघ एकीवरच. थोड्या वेळापूर्वी आलेली ती आजी मला आठवली. काठी टेकत आली होती. मी सहज विचारलं होतं, "घरचे बाकीचे कुठे आहेत, आजी?"

"सारे पुण्याले हायेत गुरुजी. इटा वाहून रायले. सहा मतं तिकडं, मी एकलीच इकडं."

एजंटांनी माना डोलावल्या. त्यांच्यासाठी यात नवं काही नव्हतं.

आता हिशेब करू. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे. पण पुण्याहून दारव्ह्याला यायला रात्रभराचा प्रवास आणि परतायला पुन्हा तेवढाच. म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली, वर सहा माणसांचं येण्याजाण्याचं भाडं. कोण येईल सांगा? "पुण्यातच नाव नोंदवा की," असं म्हणणं सोपं आहे. पण यंदाची भट्टी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. घर, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचं मत सगळं गावातच.

माझ्या मताचं काय झालं म्हणता? मी यवतमाळचा मतदार. मला सरकारने निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दिलं होतं, ते दाखवून त्याच केंद्रावर मत टाकलं. सैनिकांसाठी टपाली मताची सोय आहे. ८५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांसाठी त्या वर्षी कर्मचारी घरी गेले. वीटभट्टीवरच्या माणसासाठी मात्र यातलं काहीच नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

कुणी विचारच केला नाही असं मात्र नाही हं. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने एक यंत्र तयार केल्याचं जाहीर केलं. दूर राहणाऱ्यांना तिथूनच गावचं मत टाकता यावं म्हणून. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय! पक्षांनी बऱ्याच शंका काढल्या आणि २०२४ ला ते वापरलं गेलं नाही.

शाळा उघडल्यावर पाचवीच्या वर्गात मी हे सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, "पुण्याच्या एसटी स्टँडवरच पेटी ठेवायची!" दुसरा लगेच, "अन् तिथं ओळखन कोण? गावचे एजंट नसतेत ना तिथं." ही शंका मोठ्यांनीही काढली होती, हे त्याला कुठे माहीत!

मागच्या बाकावरची एक मुलगी शेवटी बोलली. तिचे आईवडील भट्टीवर जातात, ती आजीपाशी राहते. "सर, मतदान दिवाळीत ठेवा ना. तवा सगळे घरी येतात."

ऑक्टोबरात विधानसभेची तारीख जाहीर झाली, २० नोव्हेंबर. पोरं कॅलेंडर काढून बसली. भाऊबीज ३ तारखेला. मध्ये सतरा दिवस. मुलीचे आईवडील दिवाळीला आले. पण वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि गाडी भाऊबीजेनंतर चौथ्याच दिवशी दारात उभी राहिली. वडील गेले. आईने मागाहून जायचं ठरवलं. २१ तारखेला ती मुलीला शाळेत सोडायला आली, तेव्हा तिच्या बोटाला शाई होती. त्याच दिवशी दुपारच्या एसटीने तीही गेली.