सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत

3 एप्रिल 2025, अकोला
दर्यापूर तालुक्यातल्या दोन एकरांचा सौदा तोंडी ठरला. खारपाणपट्ट्यातलं वावर. जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून कपाशी-तूर पावसाच्या भरवशावर, आणि ओल टिकली तर हरभरा. इसार देण्याआधी डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादार वर्ग 1 आहे. वर्ग 2 असतं तर विक्रीला आधी सरकारी परवानगी लागली असती. पण नाव विकणाऱ्याच्या वडिलांचं, आणि ते वारून बरीच वर्षं झालेली. इसार थांबवला.

8 एप्रिल
विकणारा म्हणाला, "बुढा गेला, आता वावर माह्यंच नाही का? मीच वाह्यतो." वाहतो हे खरं. आईही हयात नाही. पण बहीण परतवाड्याला नांदते, आणि 1956 च्या वारसा कायद्यानं बापामागे लेकीचा वाटा लेकाएवढाच. 'जिवंत सातबारा' मोहीम बुलढाण्याच्या चिखली तालुक्यात सुरू झाली आणि याच महिन्यापासून राज्यभर आली आहे. मयत खातेदारांच्या जागी वारस लावणं हेच तिचं काम. दोघा भावंडांनी तिच्यात अर्ज दिला.

29 एप्रिल
वारसनोंद प्रमाणित झाली, भाऊ-बहीण दोघांची नावं लागली. सोसायटीचं कर्ज केव्हाच फिटलंय, पण बोजा 'इतर हक्कां'त तसाच होता. बेबाकी दाखला देऊन तोही वेगळ्या फेरफारानं उतरवून घेतला. मग इसार दिला.

7 मे, दर्यापूर
दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत झालं. विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळकायद्यामुळे शेतजमीन घेणारा शेतकरीच लागतो. माझा वडिलोपार्जित सातबारा जोडला. ताई परतवाड्याहून आल्या होत्या. त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्याच खात्यात गेले. फोटो, अंगठे, सह्या. इंडेक्स 2 घेऊन पूर्णा ओलांडून अकोल्याला परतलो.

9 मे
घरी सगळ्यांना वाटतं, काम झालं. मालकी मिळाली हे खरं. पण गावच्या दप्तरात वावर अजून त्यांचंच. दस्त नोंदणीकृत असल्यानं फेरफारासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. निबंधक कार्यालयातून माहिती ऑनलाइन पटवाऱ्याकडे जाते. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव मात्र पटवारीच म्हणतं.) तो फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो. हरकतीला पंधरा दिवस. 'आपली चावडी'वर ही नोटीस कोणालाही पाहता येते.

16 मे
धुऱ्याला धुरा असलेले काका वावरात भेटले. "हरकत टाकतो म्हनतो मी. तुमी तारांचं कुंपण केलं तं माही बंडी कुठून जाईन?" हरकत आली की नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते. पण फेरफाराच्या नोंदीत रस्त्याचा निकाल लागत नाही. धुऱ्यावरच्या वाटेसाठी महसूल संहितेचं कलम 143 आहे, तहसीलदार आहेत. हे त्यांना सांगण्यापेक्षा दोघांनी धुऱ्यावरून चालत जाऊन बंडीची वाट ठरवली. ती सोडूनच कुंपण घालीन, असं लिहून दिलं.

30 मे
हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

2 जून
नवा सातबारा ओळ न् ओळ वाचला. माझं नाव, गट क्रमांक, क्षेत्र 81 आर, इतर हक्कांत बोजा नाही. 8अ उताऱ्यावर खातंही आलं. वर्धा नदीपलीकडे मालगुजारी होती तेव्हा आपल्या वऱ्हाडात रयतवारी होती. कास्तकाराचा हिशेब थेट सरकारशी. कागदावरच्या नावाचं वजन इथे जुनं आहे. तरी त्या नावावर गरजेपेक्षा जास्त विसंबू नये. फेरफार सारा कोणाकडून घ्यायचा ते ठरवतो, मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी खरेदीखतानं येते. पण नोंदीशिवाय पीककर्ज अडतं, पीक पाहणी अडते, नुकसानीची मदत जुन्या नावावर जाते.

म्हणून जमीन घेणाऱ्यांनी दोनदा सातबारा वाचावा: इसार देण्याआधी, आणि फेरफार प्रमाणित झाल्यावर. पहिल्या वेळी कोणा बहिणीचं नाव राहून तर गेलं नाही ना, हे आधी पाहावं.