पोपटपंची



काही वर्षांपूर्वी सराव परीक्षेच्या एका उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : ‘पोपटपंची’. विद्यार्थिनीने पाठ्यपुस्तिकेतील दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले होते. माझ्या शेऱ्यात भाषाशास्त्राच्या पदवीचा तोरा होता. पोपटाविषयीचे अज्ञानही होते, हे मला नंतर कळले.

पुढच्या संपर्क सत्रात त्या बाई भेटल्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगणवाडी सेविका. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. पण आमच्या वस्तीवर असं मराठी कोणी बोलत नाही. हे शब्द तोंडात बसावेत म्हणून मी पहाटे उठून मोठ्यानं घोकते. घोकल्याशिवाय ते माझे कसे व्हायचे?”

मला उत्तर सुचले नाही. सत्र संपवून बाहेर आलो, तेव्हा आवारातल्या वडावर पोपटांचे थवे रातनिवाऱ्यासाठी उतरत होते. त्या संध्याकाळपासून मी हा पक्षी पाहू लागलो, त्याच्याविषयी वाचू लागलो.

आपल्याकडे सर्वत्र दिसणारा हा पोपट म्हणजेच राघू, जुन्या भाषेतला कीर. नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो. मादीला आणि पहिली दोन-तीन वर्षे पिल्लांना तो नसतो. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने तो पेरू किंवा शेंग पायात धरून खातो आणि फांदीवर चढताना चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतो. खातो त्याहून अधिक नासतो, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. हा पक्षी घरटे विणत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली झाडाची ढोली किंवा जुन्या भिंतीतले भोक त्याला पुरते. मादी सुमारे तीन आठवडे अंडी उबवते आणि त्या काळात नर तिला भरवतो. जुनी, पोकळ झाडे आपण तोडतो, तेव्हा त्याचे घरच तोडत असतो.

आता त्याच्या बोलण्याकडे येऊ. ‘पोपट’ आणि ‘मिठू’ या दोन्ही शब्दांत ओष्ठ्य व्यंजने आहेत, आणि पोपटाला तर ओठच नाहीत! त्याचा आवाज श्वासनलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या अवयवातून निघतो. जाड, मांसल जिभेने तो त्याला आकार देतो. मात्र वडावरचा एकही राघू ‘मिठू मिठू’ म्हणत नाही. मग ही विलक्षण अनुकरणशक्ती त्याला रानात कशासाठी हवी?

याचे उत्तर पोपटांच्या इतर जातींच्या अभ्यासातून मिळते. व्हेनेझुएलातील एका चिमुकल्या हिरव्या पोपटाच्या घरट्यांतली अंडी कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अदलाबदल करून ठेवली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की पिल्लांच्या ओळखीच्या हाका जन्मदात्यांपेक्षा सांभाळणाऱ्या पालकांच्या हाकांशी जुळत होत्या. म्हणजे त्या रक्तातून आलेल्या नव्हत्या, ऐकून शिकलेल्या होत्या. कोस्टा रिकामधील पिवळ्या मानेच्या पोपटांत टिमोथी राइट यांना प्रदेशागणिक हाकांच्या वेगवेगळ्या बोली आढळल्या. दोन बोलींच्या सीमेवरचे काही पक्षी दोन्ही बोली वापरत होते. पोपट अनुकरण करतो, ते थव्यात सामील होण्यासाठी. पिंजऱ्यातल्या पोपटाला थवा उरत नाही, म्हणून तो माणसांची हाक शिकतो. आपण ज्याचे कौतुक करतो, ती त्याच्या एकटेपणाची भाषा आहे. आपल्याकडचे पोपट पकडणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण तो कायदा नसता, तरी एवढे कारण पुरेसे होते.

त्या बाईंच्या पहाटेच्या घोकंपट्टीचा अर्थ मला असा उशिरा उमगला. प्रमाण मराठीच्या थव्यात शिरू पाहणाऱ्या माणसाची ती हाक होती, आणि मी तिची थट्टा केली होती.

तरीही माझ्यातला शिक्षक एक गोष्ट सोडत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त आहे. त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि पडू या भयाने तिलाच घट्ट धरून राहतो. कोणी बांधलेले नसते. पंखही शाबूत असतात. पाठ केलेल्या वाक्याचेही असेच आहे. ते आधी धरावे लागते. पण योग्य वेळी सोडताही आले पाहिजे.

वर्षअखेरीस बाईंची उत्तरपत्रिका पुन्हा माझ्याकडे आली. पहिला परिच्छेद पुस्तकातलाच होता. दुसऱ्यात त्यांनी अंगणवाडीतल्या एका मुलाने नवा शब्द कसा उचलला, ते स्वतःच्या भाषेत लिहिले होते. वाक्ये थोडी अडखळणारी होती, पण नळी सुटली होती. मी गुण दिले. क्षमा मात्र मागायची राहिली. ती इथे मागतो.

आपणही ही पुस्तिका मोठ्याने वाचा, संकोच न करता घोका. मग ती मिटून ठेवा आणि तोच विचार आपल्या घरच्या, शेतातल्या, कामावरच्या उदाहरणाने लिहून पाहा. तेवढ्यात संध्याकाळ झाली, तर जवळच्या झाडाकडे थोडे कान द्या.