अर्धापूर ते किल्लारी : बागांचे फोटो काढताना

हिवाळ्यात एखादा रविवार मोकळा मिळाला तर मुलाबाळांना घेऊन अर्धापूर ते किल्लारी ही वाट जरूर करावी. अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा ही गावे एकाच महामार्गावर आहेत. औशापुढे किल्लारीचा फाटा धरायचा. दोन-तीन घरांनी मिळून जीप केली तर हवे तिथे थांबता येते. फोटोला मोबाईल पुरतो.

सकाळी केळी पाहाव्यात. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले आणि अर्धापूरची केळी नावारूपाला आली. केळीचे खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी. एक घड दिला की ते खोड कापतात आणि बुडाच्या पिलावर पुढचे पीक घेतात. बागेच्या कडेची शेवरी वारा अडवण्यासाठी असते. घड खांद्यावर वाहणाऱ्या मजुराच्या सदऱ्यावर काळे डाग दिसतील. ते केळीच्या चिकाचे, धुऊन जात नाहीत.

दुपारनंतर औसा तालुक्यातल्या द्राक्षबागा गाठाव्यात. उन्हे कलली की मंडपाखालचे मणी काचेसारखे उजळतात. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी झालेल्या बागेत जानेवारी ते मार्चच्या दरम्यान माल उतरतो. त्याआधी विरळणी असते. घडातले दाटीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. हे काम बहुधा बाया करतात, दिवसभर मान वर आणि हात वर. मण्यांवर जी पांढरी लव असते ती बोट लागले की पुसते आणि मालाचा भाव पडतो. म्हणून फोटोसाठी घडाला हात लावू नये. फवारणी झालेल्या बागेत मुलांना नेऊ नये, मणी तोडून खाऊ देऊ नये.

गेल्या जानेवारीत एका बागेत मी फोटो काढू लागलो, तेव्हा विरळणी करणाऱ्या एका मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भाऊ, कात्री दिसू द्या बरं का." कॅलेंडरवरच्या बागेत माणूस कधी नसतो. मावशींना मात्र आपले काम फोटोत हवे होते.

वाचकहो, आपल्या कित्येक घरांत आजीचा एकच फोटो असतो, तोही लग्नातल्या घोळक्यात किंवा ओळखपत्रावर. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबली, पण तिचा कामावरचा फोटो नाही. किल्लारी परिसरात तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे दगावली. भिंतींवरच्या तसबिरीही त्याच ढिगाऱ्यात गेल्या. आज तिथल्या मळ्यांत काम करणाऱ्यांचा फोटो निघाला, तर त्यांच्या नातवंडांना तो ठेवा होईल.

तेव्हा बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, फोटो काढण्याआधी राबणाऱ्याला विचारा. नाही म्हणाले तर मोबाईल खिशात ठेवा. हो म्हणाले तर त्यांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर फोटो त्याच दिवशी पाठवा. जमल्यास कागदावर छापून द्या, आणि मागे नाव, गाव, तारीख व कामाचे नाव लिहा : विरळणी, छाटणी, घडतोड.